मनोविकारांवरील औषधे आणि वजनवाढीचा प्रतिबंध : एक आढावा

प्रश्नाची व्याप्ती

मनोविकारांवर दिल्या जाणाऱ्या अनेक औषधांमुळे वजन वाढते, ही गोष्ट मानसोपचाराच्या क्षेत्रात आता वादाची राहिलेली नाही. मतभेद आहेत ते ही वाढ आधीच रोखता येते का, रोखायची तर कोणत्या उपायाने आणि उपचाराच्या कोणत्या टप्प्यावर, आणि ते काम मनोविकारतज्ज्ञाचे की सर्वसाधारण वैद्यकाचे, याविषयी. एकदा चढलेले वजन उतरवणे निरोगी माणसालाही जड जाते, मग ज्याचा उत्साह, झोप आणि दिनक्रम आजाराने आधीच विस्कटलेला आहे त्याच्याकडून ती अपेक्षा करणे अधिकच कठीण ठरते. म्हणूनच गेल्या सुमारे २० वर्षांत संशोधकांचे लक्ष वाढलेले वजन घटवण्यावरून ते वाढूच न देण्याकडे हळूहळू वळले आहे, आणि या आढाव्याचा विषयही मुख्यतः हा दुसरा प्रश्न आहे.

वजन वाढवणाऱ्या औषधांचे तीन गट मानता येतात. पहिला गट अँटिसायकोटिक औषधांचा, म्हणजे भास, भ्रम आणि विचारांतील विस्कळीतपणा आटोक्यात आणणाऱ्या औषधांचा. ती स्किझोफ्रेनियात (छिन्नमनस्कतेत) तर दिली जातातच, पण बायपोलर विकारात आणि काही वेळा तीव्र नैराश्यातही वापरली जातात. दुसरा गट मनःस्थितीतील टोकाचे चढउतार रोखणाऱ्या औषधांचा, ज्यात लिथियम आणि व्हॅल्प्रोएट ही दोन नावे प्रमुख आहेत. तिसरा गट नैराश्यावरील औषधांचा. त्यांपैकी मिर्टाझापिन, अमिट्रिप्टिलिन आणि पॅरॉक्सेटिन यांच्याबाबत वजनवाढीची तक्रार अधिक आढळते, तर ब्युप्रोपियॉनबाबत ती जवळजवळ नसते. मात्र प्रतिबंधाविषयीचा बहुतेक पुरावा पहिल्या गटापुरताच उपलब्ध असल्याने पुढील विवेचनही प्रामुख्याने त्याच गटाला धरून आहे.

प्रश्नाचे गांभीर्य केवळ दिसण्याशी निगडित नाही. स्किझोफ्रेनिया झालेल्यांच्या आयुष्यातील सरासरी १४.५ वर्षे कमी होतात, असा निष्कर्ष अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये मांडला गेला, आणि या अकाली मृत्यूंत आत्महत्येइतकाच, किंबहुना संख्येने अधिक, वाटा हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांचा असतो. त्याचे सारे खापर औषधांवर फोडणे योग्य होणार नाही, कारण तंबाखू, गरिबी, बैठे जीवन आणि मनोरुग्णाच्या शारीरिक तक्रारींकडे होणारे दुर्लक्ष ही कारणेही तितकीच ठळक आहेत. पण या कारणांपैकी डॉक्टरांच्या लेखणीतून सुरू होणारे कारण एकच आहे, आणि त्यामुळे त्याची नैतिक बाजू वेगळी ठरते.

पार्श्वभूमी

पॅरिसच्या सेंट-अ‍ॅन रुग्णालयात १९५२ मध्ये जाँ दले आणि पिएर देनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिनचा वापर सुरू केला आणि आधुनिक औषधोपचाराचे युग अवतरले. त्या औषधाने वजन वाढते, हे त्याच दशकात नोंदले गेले होते. परंतु त्या काळी डॉक्टरांना अधिक सतावणारी गोष्ट होती ती हातापायांचा ताठरपणा, कंप आणि तोंडाच्या अनैच्छिक हालचाली. वजन ही त्या मानाने किरकोळ बाब वाटे, आणि हडकुळा होऊन आलेला रुग्ण अंगाने भरला की तो सुधारल्याचीच खूण मानली जाई. ही समजूत आजही आपल्याकडील अनेक घरांत टिकून आहे.

पुढे क्लोझापिन आले. ते हालचालींवर परिणाम करत नसे, परंतु फिनलंडमध्ये १९७५ मध्ये त्यामुळे रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटून काही रुग्ण दगावल्याने ते बरेच मागे पडले. इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांत ते सरस ठरते, हे १९८८ मधील अमेरिकी चाचणीने दाखवल्यावर ते नियमित रक्ततपासणीच्या अटीसह परतले. त्याच धर्तीवर नव्वदच्या दशकात रिस्पेरिडोन, ओलांझापिन, क्विटायपिन ही ‘दुसऱ्या पिढीची’ औषधे आली आणि ताठरपणा-कंपाचा त्रास कमी, या गुणावर त्यांचा प्रसार झपाट्याने झाला.

या प्रसाराची दुसरी बाजू पुढे आणण्याचे श्रेय १९९९ मध्ये डेव्हिड अ‍ॅलिसन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या विश्लेषणाला दिले जाते. त्यांनी उपलब्ध अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून १० आठवड्यांतील सरासरी वजनवाढ काढली: क्लोझापिन ४.४५ किलो, ओलांझापिन ४.१५ किलो, रिस्पेरिडोन २.१० किलो आणि झिप्रासिडोन जेमतेम ०.०४ किलो. एकाच पिढीतील औषधांत एवढी तफावत आहे, हे कळल्यावर ‘जुनी विरुद्ध नवी’ ही विभागणी वजनाच्या बाबतीत निरुपयोगी ठरली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ मध्ये या पिढीतील सर्वच औषधांच्या माहितीपत्रकात मधुमेहाच्या धोक्याचा इशारा घालण्यास सांगितले, आणि २००४ मध्ये तेथील मधुमेह व मानसोपचार संघटनांनी मिळून तपासणीचे वेळापत्रक ठरवून दिले. औषध सुरू करण्यापूर्वी वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि रक्तातील चरबी यांची नोंद, त्यानंतर ४, ८ आणि १२ आठवड्यांनी पुन्हा वजन आणि पुढे दर तिमाहीस वजन, १२ आठवड्यांनी साखर-चरबीची पुनर्तपासणी, आणि मूळ वजनात ५ टक्के वाढ होताच औषध बदलण्याचा विचार, असे त्याचे सार आहे. आजही बहुतेक मार्गदर्शिका थोड्याफार फरकाने हेच वेळापत्रक सांगतात.

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘केटी’ या सुमारे १,५०० रुग्णांवरील अमेरिकी चाचणीने प्रश्नातील पेच उघड केला. ओलांझापिन घेणाऱ्यांपैकी ३० टक्के रुग्णांचे वजन ७ टक्के किंवा त्याहून अधिक वाढले (वाढ लक्षणीय मानण्यासाठी संशोधनात सहसा हीच मर्यादा धरतात), तर इतर औषधांत हे प्रमाण ७ ते १६ टक्के होते; आणि तरीही औषध मध्येच सोडून देणाऱ्यांचे प्रमाण सर्वांत कमी ओलांझापिनच्याच गटात होते. म्हणजे शरीराला सर्वांत महाग पडणारे औषध मनाला अधिक मानवत होते. त्यानंतर २००९ मध्ये पहिल्यांदाच अशी औषधे घेणाऱ्या मुला-किशोरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्यात सुमारे ११ आठवड्यांत ओलांझापिनवरील मुलांचे वजन सरासरी ८.५ किलोंनी, तर तुलनेने निर्धोक समजल्या जाणाऱ्या अरिपिप्राझोलवरील मुलांचेही ४.४ किलोंनी वाढलेले आढळले. ज्यांना पूर्वी औषध मिळालेले नाही आणि ज्यांचे वय कमी आहे, त्यांना धोका सर्वांत मोठा, ही जाणीव तेव्हापासून पक्की झाली आणि प्रतिबंधाच्या चर्चेला खरी धार आली.

वजन का वाढते

या औषधांचा मुख्य उपयोग मेंदूतील डोपामिन या संदेशवाहक रसायनाचे काम मंदावण्यात आहे, पण ती तेवढ्यावर थांबत नाहीत. हिस्टामिनचे एच-१ आणि सेरोटोनिनचे २-सी हे ग्राहक, म्हणजे पेशींवरील ज्या जागांना ही रसायने चिकटून आपला परिणाम घडवतात त्या जागा, ओलांझापिन आणि क्लोझापिन यांच्यामुळे जोरकसपणे अडवल्या जातात. परिणामी पोट भरल्याचा संदेश उशिरा किंवा क्षीणपणे पोहोचतो आणि भूक भागल्यासारखी वाटत नाही. रात्रीची गोळी घेतल्यावर फडताळातील बिस्किटांचे डबे धुंडाळणाऱ्या रुग्णाला ‘तोंडावर ताबा नाही’ असे ऐकावे लागते, पण त्याची भूक हा औषधाचा परिणाम असतो आणि ती केवळ मनोनिग्रहाने आवरत नाही. त्यातच औषधाने येणारी सुस्ती हालचाल घटवते, आणि काही औषधांनी तोंड कोरडे पडत असल्याने, किंवा लिथियमने तहान वाढत असल्याने, गोड चहा आणि सरबते यांचे प्रमाण वाढते.

साखरेचा बिघाड मात्र केवळ वजनामार्गे होतो असे नाही. निरोगी स्वयंसेवकांना थोडेच दिवस ओलांझापिन दिल्यावर, वजन फारसे न वाढताही, त्यांच्या शरीरात इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावल्याचे प्रयोगांतून दिसले आहे. त्यामुळे वजन काट्यावर स्थिर असले म्हणजे धोका टळला, असे मानता येत नाही.

आजाराचा वाटा किती आणि औषधाचा किती, हा या क्षेत्रातील जुना वाद आहे. इंग्लंडमधील हेन्री मॉड्सली यांनी १८७९ मध्येच, म्हणजे अशी कोणतीही औषधे नसताना, मानसिक आजार आणि मधुमेह एकाच कुटुंबांत आढळत असल्याची नोंद केली होती, आणि औषध सुरू होण्यापूर्वीच पहिल्या झटक्यातील रुग्णांत साखरेची गडबड आढळल्याचे अलीकडचे काही अभ्यासही सांगतात. दुसरीकडे चेन्नईच्या स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशनच्या संशोधकांनी वर्षानुवर्षे उपचारच न मिळालेल्या रुग्णांची पाहणी करून २०१० मध्ये प्रसिद्ध केली, तीत लठ्ठपणा आणि चयापचयाच्या बिघाडाचे प्रमाण कमीच निघाले. आणि रांचीच्या केंद्रीय मानसोपचार संस्थेत प्रथमच औषध घेणाऱ्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत अवघ्या ६ आठवड्यांत ओलांझापिन व रिस्पेरिडोन घेणारे, हॅलोपेरिडॉल या जुन्या औषधावरील रुग्णांपेक्षा, चयापचयाच्या दृष्टीने स्पष्टपणे मागे पडलेले दिसले. हे दोन्ही भारतीय अभ्यास लहान आहेत, पण त्यांचा कल एकाच दिशेने आहे: अंगभूत धोका असलाच तरी त्याला पेटवण्याचे काम औषध आणि उपचारोत्तर जीवनमान करते.

सर्वांचे वजन सारखे वाढत नाही, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. सेरोटोनिनच्या २-सी ग्राहकाच्या जनुकातील एका बदलाशी या फरकाचा संबंध २००२ मध्ये चीनमधील रुग्णांत दिसला, परंतु जनुकीय तपासणी करून औषध निवडावे, इतका तो पुरावा अजून सबळ झालेला नाही. त्या मानाने साधे निरीक्षण अधिक उपयोगी पडते: पहिल्या महिन्यात ज्याचे वजन ५ टक्क्यांनी वाढले, त्याचे पुढेही वाढत राहण्याची शक्यता जास्त असते. वाढीचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असून नंतर मंदावतो, म्हणून प्रतिबंधाला उपलब्ध असलेली मुदत आखूड आहे.

प्रतिबंधाच्या चार भूमिका

पहिली भूमिका औषधाच्या निवडीवर भर देते. जे औषध वजन वाढवते ते आधी वापरूच नये, असे तिचे साधे म्हणणे आहे. अमेरिकेतील तज्ज्ञगटाने २००९ च्या शिफारशींत पहिल्या झटक्यासाठी प्रथम निवडीच्या औषधांतून ओलांझापिन आणि क्लोझापिन वगळले, ते याच विचाराने. १८ औषधांची तुलना करणारे २०२० मधील मोठे विश्लेषणही अरिपिप्राझोल, ल्युरासिडोन, कॅरिप्राझिन आणि झिप्रासिडोन यांना सौम्य, तर ओलांझापिन व क्लोझापिन यांना सर्वांत जड ठरवते. औषध बदलून पाहण्याच्या २०११ मधील अमेरिकी चाचणीत अरिपिप्राझोलकडे वळवलेल्या रुग्णांचे वजन २४ आठवड्यांत जुन्याच औषधावर राहिलेल्यांपेक्षा सुमारे ३ किलोंनी कमी झाले, मात्र त्यांच्यापैकी नवे औषध सोडून देणाऱ्यांची संख्याही जास्त होती. या भूमिकेचे टीकाकार दोन मुद्दे मांडतात. एक, ओलांझापिन पुष्कळांना लवकर शांत करते, झोप आणते आणि आपल्याकडे ते स्वस्त आहे. हातघाईवर आलेल्या रुग्णासमोर उभ्या डॉक्टरला ते टाळणे सोपे नसते. दोन, क्लोझापिनला पर्यायच नाही. फिनलंडमधील ११ वर्षांच्या पाठपुराव्यात, २००९ मध्ये, वजनाला सर्वांत घातक असलेल्या या औषधावरील रुग्णांचा मृत्युदर इतर औषधांवरील रुग्णांपेक्षा कमी निघाला. हा निष्कर्ष अनेकांना बुचकळ्यात पाडणारा असला, तरी आजार नीट आटोक्यात राहणे हेही आयुष्य वाढवते, याची तो आठवण देतो.

दुसरी भूमिका आहार आणि व्यायामाची. तिला तत्त्वतः कोणाचाच विरोध नाही, पण पुरावा मात्र उलटसुलट आहे. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पुनर्वसन केंद्रांतच गटव्यायाम आणि आहारमार्गदर्शन दिल्यावर, १८ महिन्यांनी तुलनागटापेक्षा ३.२ किलोंचा फरक पडला. याउलट डेन्मार्कमधील ४२८ रुग्णांवरील आणि इंग्लंडमधील ४१४ रुग्णांवरील चाचण्यांत असे कार्यक्रम अपेक्षित लाभ देऊ शकले नाहीत. ज्यांचे औषध नुकतेच सुरू झाले होते अशा पहिल्या झटक्यातील तरुणांवर सिडनीच्या बाँडाय उपनगरात झालेल्या उपक्रमात चित्र अगदी निराळे होते: परिचारिका, आहारतज्ज्ञ, व्यायामतज्ज्ञ आणि स्वतः आजार अनुभवलेले सहकारी यांनी सुरुवातीपासून १२ आठवडे सोबत केल्यावर वजनवाढ सरासरी १.८ किलो राहिली, तर नेहमीच्या उपचारावरील गटात ती ७.८ किलो झाली. हा अभ्यास अत्यल्प रुग्णांवरचा आहे आणि त्यात गट यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे केवळ दैवक्रमाने, पाडलेले नव्हते, हे विसरता येत नाही. तरीही एक गोष्ट लक्षात येते, ती अशी की अपयशी ठरलेल्या मोठ्या चाचण्या मुख्यतः आधीच स्थूल झालेल्या किंवा वर्षानुवर्षे आजारी असलेल्या लोकांवरच्या होत्या, आणि त्यांच्या निकालावरून प्रतिबंधाविषयी निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. पहिल्या झटक्यातील ७५ टक्के तरुणांचे वजन दोन वर्षांनी मूळ वजनाच्या ७ टक्क्यांहून अधिक वाढलेले नसावे, असे उद्दिष्ट तरुण रुग्णांच्या शारीरिक आरोग्याविषयीच्या २०१३ च्या ‘हील’ जाहीरनाम्याने ठेवले, ते याच आशेच्या बळावर.

तिसरी भूमिका सध्याच्या चर्चेच्या केंद्रस्थानी आहे: मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे जुने, स्वस्त औषध मनोविकाराच्या औषधाबरोबरच सुरू करावे. चीनमधील रेनरोंग वू आणि सहकाऱ्यांच्या २००८ मधील दोन चाचण्या या भूमिकेचा पाया आहेत. पहिलीत ओलांझापिनसोबत सुरुवातीपासून मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे वजन १२ आठवड्यांत १.९० किलोंनी, तर केवळ ओलांझापिनवर असलेल्यांचे ६.८७ किलोंनी वाढले. दुसरीत, औषधाने वजन आधीच वाढलेल्या १२८ रुग्णांत, मेटफॉर्मिन आणि जीवनशैलीतील बदल एकत्र केल्यावर वजन ४.७ किलोंनी उतरले, नुसत्या मेटफॉर्मिनने ३.२ किलोंनी, नुसत्या जीवनशैलीने १.४ किलोंनी, आणि औषधी गुण नसलेल्या गोळीवर ते ३.१ किलोंनी आणखी वाढले. व्हेनेझुएलातील एका छोट्या चाचणीत मात्र असा प्रतिबंधक लाभ दिसला नव्हता. भारतीय संशोधक समीर कुमार प्रहराज आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ओलांझापिनपुरते अभ्यास एकत्र केले, तेव्हा फरक सुमारे ५ किलोंचा निघाला. आणि कॉक्रेन या तटस्थ पुरावासंस्थेच्या २०२२ मधील आढाव्यात प्रतिबंधासाठी तो ४.०३ किलो असल्याचे नमूद झाले, पण तो ४ चाचण्यांतील अवघ्या १३१ रुग्णांवर आधारलेला असल्याने खात्रीची पातळी ‘कमी’ अशीच ठरवली गेली.

या पुराव्याच्या आधारे २०२४ मध्ये आयर्लंडमधील पुढाकाराने तयार झालेल्या मार्गदर्शिकेने बरेच धीट पाऊल टाकले. ओलांझापिन किंवा क्लोझापिन सुरू करतानाच मेटफॉर्मिन द्यावे. क्विटायपिन, रिस्पेरिडोन यांसारख्या मध्यम जोखमीच्या औषधांसोबत, वय १० ते २५ असल्यास किंवा हृदय-चयापचयाचा एखादा धोका आधीच असल्यास द्यावे. आणि कोणतेही औषध असो, पहिल्या वर्षात वजन ३ टक्क्यांहून अधिक वाढताच द्यावे, अशा तिच्या शिफारशी आहेत. विरोधकांचा आक्षेप असा, की एका गोळीचा दुष्परिणाम दुसऱ्या गोळीने झाकण्याची ही सवय रुग्णाच्या गोळ्यांचा ढीग वाढवते, ज्यांचे वजन वाढलेच नसते त्यांनाही औषध देते, आणि अधिकृत परवान्यात नसलेल्या कारणासाठी ते दीर्घकाळ देण्याइतका पुरावा वर्षभराच्या पलीकडे जात नाही. मळमळ, जुलाब हे त्रास बहुधा तात्पुरते असतात. मूत्रपिंडाचे काम फार मंदावलेल्यांना ते देता येत नाही. समर्थकांचे उत्तर असे, की धोका आणि लाभ यांचा तोल येथे एका बाजूला स्पष्ट झुकलेला आहे, कारण मेटफॉर्मिनचे दुष्परिणाम अर्धशतकाहून अधिक काळ परिचित आहेत आणि चढलेले १० किलो परत उतरत नाहीत. उपलब्ध पुरावा पाहता, ओलांझापिन-क्लोझापिनपुरते समर्थकांचे पारडे जड वाटते. मध्यम जोखमीच्या औषधांबाबत तसे म्हणता येत नाही.

चौथी भूमिका नव्या औषधांची. ओलांझापिनमध्येच सॅमिडॉर्फन हे अफूवर्गीय ग्राहकांना अडवणारे द्रव्य मिसळलेली गोळी अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झाली. २४ आठवड्यांत तिच्यावरील रुग्णांचे वजन ४.२१ टक्क्यांनी, तर नुसत्या ओलांझापिनवरील रुग्णांचे ६.५९ टक्क्यांनी वाढले. म्हणजे वाढ मंदावली, थांबली नाही. अधिक अपेक्षा आहे ती जीएलपी-१ वर्गातील इंजेक्शनांकडून. जेवणानंतर आतड्यातून स्रवणाऱ्या आणि भूक शमवणाऱ्या संप्रेरकाची ती नक्कल करतात. डेन्मार्कमध्ये २०१७ मध्ये क्लोझापिन किंवा ओलांझापिन घेणाऱ्या १०३ रुग्णांवर लिराग्लुटाइडची चाचणी झाली आणि १६ आठवड्यांत ५.३ किलोंचा फरक पडला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइडच्या चाचण्यांतील घट त्याहूनही मोठी आहे. पण या सर्व चाचण्या वजन वाढून बसल्यानंतरच्या आहेत, प्रतिबंधाच्या नाहीत. शिवाय क्लोझापिनने आतड्यांची हालचाल आधीच मंदावते आणि त्यातून जिवावर बेतणारी बद्धकोष्ठता होऊ शकते. पोट रिकामे होण्याचा वेग कमी करणारे दुसरे औषध त्यावर चढवताना सावधगिरी लागते, हा मुद्दा उत्साहाच्या भरात मागे पडू नये.

भारतीय शरीर, भारतीय दवाखाना

पाश्चात्त्य मोजमापे भारतात जशीच्या तशी लागू पडत नाहीत, हे दाखवण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्यासह २००४ मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली: उंचीच्या प्रमाणातील वजन दर्शवणारा बीएमआय दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबीचा वाटा मोठा असतो, म्हणून येथे बीएमआय २३ पासूनच जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, आणि कंबरेची मर्यादा पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर मानतात. परदेशी मार्गदर्शिकेतील २५ ते ३० ही ‘जोखमीची’ पट्टी आपल्याकडे उशिराची ठरते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे आणि गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आहे. अशा लोकसंख्येत ओलांझापिन देताना साखरेची नोंद आधी न करणे समर्थनीय ठरत नाही.

मेटफॉर्मिनचीही येथे एक स्थानिक अडचण आहे. ते दीर्घकाळ घेतल्यास शरीरातील ब-१२ जीवनसत्त्व घटते, आणि शाकाहारामुळे त्याची कमतरता आपल्याकडे मुळातच मोठ्या प्रमाणावर आढळते, हे पुण्यातील अभ्यासांनीच समोर आणले. या जीवनसत्त्वाच्या अभावाने मनःस्थिती आणि स्मरणशक्तीही बिघडू शकत असल्याने, त्या तक्रारी मूळ आजाराच्या खात्यावर जमा होण्याचा संभव असतो.

येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये किंवा गोव्यातील बांबोळीची मानसोपचार संस्था यांसारख्या ठिकाणी दीर्घकाळ राहणाऱ्या रुग्णांचा प्रश्न आणखी वेगळा आहे, कारण त्यांच्या ताटात काय पडावे हे स्वयंपाकघर ठरवते आणि चालण्याफिरण्याची वेळ रुग्णालयाचा दिनक्रम. तेथे आहार-व्यायामाचा सल्ला रुग्णाला देण्याऐवजी व्यवस्थेला द्यावा लागतो. घरी राहणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत हीच भूमिका आईची किंवा पत्नीची असते, आणि आग्रहाने वाढणाऱ्या हाताला सबुरी शिकवणे हा आपल्याकडील प्रतिबंधाचा, परदेशी चाचण्यांत न मोजलेला, भाग आहे.

काय अनिर्णित आहे

सर्वांत मूलभूत शंका अशी, की वजनवाढ आणि गुण येणे या गोष्टी एकाच यंत्रणेतून उद्भवतात का. वर उल्लेखिलेल्या २०२० च्या विश्लेषणात लक्षणांतील सुधारणा आणि चयापचयातील बिघाड यांचा काही प्रमाणात परस्परसंबंध आढळला. तो कारणसंबंध असेल तर भूक पूर्ण रोखणारे उपाय गुणही घटवतील का, ही भीती निराधार म्हणता येणार नाही. मात्र मेटफॉर्मिनच्या चाचण्यांत मानसिक लक्षणे बिघडल्याचे आढळलेले नाही, एवढे निश्चित.

प्रतिबंधक औषध किती काळ द्यावे, ते थांबवल्यावर रोखलेले वजन उसळी घेते का, आणि काही किलोंची बचत पुढे हृदयविकार व मृत्यू टाळण्यात खरोखर उतरते का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देणारे दीर्घ पाठपुरावे झालेले नाहीत. गरोदरपण, किशोरवय आणि व्हॅल्प्रोएट-लिथियम यांसारख्या औषधांबाबत तर पुरावा आणखी विरळ आहे. फेफऱ्यावर दिल्या जाणाऱ्या टोपिरामेट या औषधाने वजन रोखले जाते, पण शब्द न आठवणे, विचार मंदावणे आणि गर्भाला असलेला धोका यांमुळे त्याला सरसकट स्थान मिळालेले नाही.

जबाबदारीचा प्रश्न शास्त्रीय नसला तरी तोच बहुधा निकालात निघायला सर्वांत जड आहे. अमेरिकेत २००३-०४ च्या इशाऱ्यांनंतरही रक्तातील साखर तपासण्याचे प्रमाण फारसे वाढले नसल्याचे तेथील शासकीय विमा योजनेच्या नोंदींतून दिसले. आपल्याकडे तर २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीनुसार बहुतेक मानसिक विकारांत उपचारच न मिळणाऱ्यांचे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक आहे, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाच्या वाट्याला काही मिनिटेच येतात. मनोविकारतज्ज्ञ म्हणतो की मधुमेह फिजिशियनने पाहावा, फिजिशियन मनोविकाराच्या चिठ्ठीला हात लावायला कचरतो, आणि या दोघांच्या मध्ये रुग्णाचे वजन वाढत राहते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णाला शारीरिक आजाराच्या रुग्णाइतकीच सेवा मिळण्याचा आणि प्रस्तावित उपचाराचे ज्ञात दुष्परिणाम समजून घेण्याचा हक्क दिला आहे, तेव्हा औषध सुरू करतानाच वजनाविषयी सांगणे ही केवळ डॉक्टरच्या सौजन्याची बाब राहिलेली नाही.

ओलांझापिन किंवा क्लोझापिन सुरू होताना वजन, कंबर आणि साखर यांची पहिली नोंद करणे, आणि पहिले तीन महिने वजन किमान महिन्यातून एकदा पाहणे, यासाठी कोणत्याही नव्या चाचणीची वाट पाहण्याचे कारण नाही. वजनकाटा आणि मोजपट्टी तालुक्याच्या दवाखान्यातही असते. रुग्णाने किंवा नातेवाइकांनी मात्र वजन वाढले म्हणून गोळी परस्पर बंद करू नये, कारण त्याने आजार उलटतो आणि क्लोझापिनसारखे औषध एकाएकी थांबवणे विशेष धोक्याचे असते. पहिल्या भेटीच्या वजनाचा कागद जवळ ठेवून पुढच्या भेटीत तो डॉक्टरांसमोर मांडावा आणि औषध बदलणे, मेटफॉर्मिन देणे किंवा आहारतज्ज्ञाकडे पाठवणे यांपैकी काय करता येईल, ते विचारावे.